स्वस्त स्पीकरचा क्रॉसओव्हर सुधारताना

क्रॉसओव्हर म्हणजे वरचे सूर ट्वीटरला (छोटा ड्रायव्हर) आणि खालचे सूर वूफरला (मोठा ड्रायव्हर) वाटून देणारं सर्किट. स्वस्त बुकशेल्फ स्पीकरचा वूफर सोडवून आत पाहा. बऱ्याचदा ट्वीटरच्या वायरीत एकच छोटा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, आणि वूफरला थेट वायर. मग वूफर नको तितका वरच्या पट्टीत वाजत राहतो आणि गाणाऱ्याचा आवाज कर्कश लागतो. नुसता महागडा कपॅसिटर घालून हे सुटत नाही, वूफरला कॉइल हवीच.

सेकंड ऑर्डर, म्हणजे प्रत्येक ड्रायव्हरला दोन भागांचा, क्रॉसओव्हर करा: वूफरला सीरिजमध्ये कॉइल, पॅरललमध्ये कपॅसिटर, ट्वीटरला बरोबर उलट. 8 ओहमचे ड्रायव्हर आणि 3000 हर्ट्झला वाटणी धरली तर लिंकविट्झ-रायली या प्रकारच्या क्रॉसओव्हरच्या गणिताने कॉइल साधारण 0.85 मिलिहेन्री आणि कपॅसिटर 3.3 मायक्रोफॅरड येतो. यात ट्वीटरचे प्लस-मायनस उलटे जोडायचे. पण हे आकडे फक्त सुरुवातीपुरते. 8 ओहम छापलेला ड्रायव्हर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला 8 ओहम नसतो, त्यामुळे मापनाचा माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन ग्राफ काढाच. माझ्या मते पहिला खर्च माइकवरच करावा.

ट्वीटर जास्त टोचत असेल तर त्याचा आवाज कमी करणारा दोन रेझिस्टरचा एल-पॅड लावा. दोन्ही कॉइल एकमेकींपासून लांब आणि काटकोनात बसवा, नाहीतर एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीत शिरतं. जुना भाग फेकू नका. आधी एकच स्पीकर बदला, मोनो गाणं लावा आणि बॅलन्सची खुंटी डावी-उजवी फिरवून दोन्ही ऐका.