अंतराळ स्थानक वर कसे टिकते? सांगताना आणि गणित करताना या चुका टाळा

"तिथे हवा नसते, म्हणून स्थानक खाली येत नाही." हे उत्तर इतक्यांदा ऐकले आहे की विद्यार्थ्यांना कक्षेचे गणित शिकवताना मी आता सुरुवातच तिथून करतो. 400 किलोमीटरवर हवा आहे. फार विरळ आहे, त्यात बहुतेक ऑक्सिजनचे सुटे अणू आहेत, पण ती आहे. सुमारे 420 टनांचे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने तिच्यातून जाते आणि ती त्याला सतत अडवते. स्थानक वर दिसते, कारण माणसे ठराविक काळाने इंजिन पेटवून त्याला पुन्हा वर नेतात. ते थांबले की स्थानक खाली येणार.

याचीच जुळी चूक म्हणजे "तिथे गुरुत्वाकर्षण नसते". त्या उंचीवर ते जमिनीवरच्या 88 टक्क्यांहून जास्त असते. एवढे सांगून पुढे जातो.

"अवरोधाने स्थानकाचा वेग कमी होतो"

ही चूक चांगल्या अभ्यासू मुलांकडूनही होते, म्हणून इथे थोडे थांबू. सौर हालचाल (सूर्याची सक्रियता) मध्यम असेल तर स्थानकावरचा हवेचा अवरोध साधारण 0.3 न्यूटन धरता येतो. तळहातावर 30 ग्रॅमची वस्तू ठेवली तर जाणवेल तेवढाच. त्याला 420 टनांनी भागा, दिवसाच्या 86,400 सेकंदांनी गुणा. अवरोध दिवसाला सेकंदामागे सुमारे 6 सेंटिमीटर इतका वेग काढून घेतो, असे उत्तर येते. त्यामुळे कक्षा रोज शंभरेक मीटर खाली सरकते.

आता त्या खालच्या कक्षेतला वेग काढून पाहा. तो 6 सेंटिमीटरने वाढलेला दिसेल! खाली उतरताना स्थानक जेवढी स्थितिज ऊर्जा गमावते, तिचा अर्धा भाग उष्णतेत जातो आणि अर्धा वेगात. म्हणजे अडवणारे बल लागत असताना स्थानक अधिक वेगाने फिरू लागते. ही गोष्ट पाठ करून उपयोग नाही. कागदावर एकदा स्वतः करून बघितली तरच पटते.

हे कळले नाही की पुढची चूक ठरलेली: उंची वाढवायला इंजिनाचा जोर "वरच्या दिशेने" लावायचा. वर ढकलल्याने कक्षा किंचित लांबट होते, सरासरी उंची जवळजवळ तशीच राहते. जोर लावायचा तो पुढे, ज्या दिशेने स्थानक चालले आहे त्या दिशेने. सेकंदाला 1 मीटर इतका धक्का मिळाला की सरासरी उंची सुमारे पावणेदोन किलोमीटरने वाढते. यालाच रीबूस्ट म्हणतात. हे काम बहुतेक वेळा रशियाचे प्रोग्रेस मालवाहू यान किंवा स्थानकाच्याच झ्वेझ्दा विभागाची इंजिने करतात. पूर्वी अमेरिकेचे अंतराळयान शटलही करत असे, अलीकडे सिग्नस आणि ड्रॅगन या अमेरिकी मालवाहू यानांनीही केले आहे.

स्थानक आपोआप वर चढते आहे? अवरोधाला हात लावू नका

संगणकावर कक्षा उतरवून दाखवायची म्हटले की उतावळी मुले सगळ्यात सोपी ऑयलरची पद्धत घेतात: आहे तो वेग गुणिले वेळ, की नवी जागा. एका गटाने तेच केले. वेळेची पायरी चांगली बारीक, सेकंदाचा शंभरावा भाग. तरी त्यांचे स्थानक दिवसाला पंधरा किलोमीटर वर चढत होते. कारण शोधायला हवे होते, पण प्रदर्शन जवळ आले होते. म्हणून त्यांनी अवरोधाचा गुणांक वाढवत नेला, बरोबर 100 मीटरची घट दिसेपर्यंत. आलेख सुंदर आला. गुणांक मात्र 2.2 च्या जागी 330 झाला होता, आणि त्याकडे कोणी पाहिलेच नव्हते.

मी पायरी दुप्पट करायला सांगितली. स्थानक पुन्हा दिवसाला पंधरा किलोमीटर वर जाऊ लागले आणि सगळे गप्प झाले.

ऑयलरची पद्धत प्रत्येक पायरीला कक्षेत थोडी खोटी ऊर्जा भरते. एक सेकंदाची पायरी घेतली तर एका फेरीतच कक्षा शंभरेक किलोमीटर वर जाते. आपण शोधतो आहोत तो परिणाम दिवसाला शंभर मीटरचा. पद्धतीची चूक त्याहून खूप लहान नसेल तर उत्तराला काही अर्थ नाही. उत्तर जुळेपर्यंत आकडा फिरवणे हा आळस आहे, आणि त्याची सवय लागते म्हणून मला तो फार खटकतो.

माझी रीत अशी: आधी अवरोध पूर्ण बंद करून एक दिवस चालवायचे. उंची मीटरभरही ढळली तर पद्धत बदलायची. लीपफ्रॉग किंवा चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा यांपैकी एखादी अधिक अचूक पद्धत पुरेशी असते. अवरोध चालू करायचा तो त्यानंतर, आणि वर केलेले हाताचे गणित शेजारी ठेवून.

घनतेचा एकच आकडा धरून बसणे

सूर्य सक्रिय असला की वरचे वातावरण तापून फुगते. 400 किलोमीटरवरची घनता सौरचक्राच्या (सूर्याच्या सक्रियतेच्या चढउताराच्या) तळापासून शिखरापर्यंत कित्येक पटींनी बदलते. अमेरिकेचे जुने अंतराळ स्थानक स्कायलॅब हे याचे सर्वात बोलके उदाहरण. शेवटचे अंतराळवीर फेब्रुवारी 1974 मध्ये परतले. पुढे शटल जाऊन त्याला वर उचलेल असा विचार होता. सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त तापला, शटल लांबले, आणि 11 जुलै 1979 रोजी स्कायलॅब कोसळले. अवशेष हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. शटलचे पहिले उड्डाण झाले एप्रिल 1981 मध्ये. फेब्रुवारी 2022 मध्ये तर सूर्यामुळे उठलेल्या एका भूचुंबकीय वादळाने नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक खाली आणले. तेव्हा तारीख ठरवा, त्या दिवसांची सौर हालचाल बघा, मगच घनता घ्या.

क्षेत्रफळही स्थिर धरू नका, सौरपंख फिरतात. अवरोध कमी व्हावा म्हणून रात्रीच्या बाजूला ते आडवे करून हवेला फक्त कडा दाखवण्याची सोयही आहे.

जायरोस्कोप (वेगाने फिरणारी जड चाके) स्थानकाला वर धरतात, असेही कोणी म्हणते. ते फक्त स्थानक कोणत्या बाजूला वळलेले असावे ते सांभाळतात. उंचीशी त्यांचा काही संबंध नाही.

जुनी टीएलई वापरून "स्थानक आलेच नाही" म्हणणे

टीएलई म्हणजे कक्षेचे आकडे दोन ओळींत देणारी नोंद; स्थानक कधी दिसेल ते तिच्यावरून काढतात. सेकंदाला 1 मीटरच्या एका रीबूस्टने फेरीचा काळ दोन सेकंदांनी वाढतो. दिवसाला साडेपंधरा फेऱ्या, म्हणजे अर्धा मिनिट उशीर. आठवड्याने तो पावणेचार मिनिटांच्या आसपास जातो. दुर्बीण आधीच रोखून बसलेल्याला एवढा उशीर पुरतो. टीएलईच्या पहिल्या ओळीतला दिनांक आधी वाचा. तो रीबूस्टच्या आधीचा असेल तर ती टीएलई काढून टाका आणि ताजी घ्या.