इंग्रजीत अभिवादन करताना

मराठीतला एक 'नमस्कार' सकाळपासून रात्रीपर्यंत, भेटताना आणि निरोप घेतानाही चालतो. इंग्रजीत मात्र वेळ कोणती, ओळख किती जुनी आणि आपण आलो आहोत की निघालो आहोत, हे पाहून शब्द निवडावा लागतो.

'हॅलो' मित्रालाही चालते आणि वरिष्ठांनाही; 'हाय' मात्र ओळखीच्या माणसांपुरते ठेवावे. मुलाखतीसारख्या प्रसंगी वेळेनुसार अभिवादन करणे उत्तम: दुपारी बारापर्यंत 'गुड मॉर्निंग', साधारण पाच-सहापर्यंत 'गुड आफ्टरनून' आणि पुढे 'गुड ईव्हनिंग'. रात्री नऊ वाजता कोणाच्या घरी पोहोचलो, तरी दारात 'गुड ईव्हनिंग'च म्हणावे, कारण 'गुड नाइट' हे निरोपाचे शब्द आहेत.

सर्वाधिक घोटाळा 'हाउ आर यू?' या प्रश्नाने होतो. रस्त्यात भेटलेले शेजारी 'काय, कुठे निघालात?' असे विचारतात, तेव्हा त्यांना आपला सगळा कार्यक्रम ऐकायचा नसतो. तसेच इथेही समोरच्याला तब्येतीचा तपशील अपेक्षित नसतो. 'फाइन, थँक यू. हाउ आर यू?' एवढे पुरते, मात्र उलट विचारपूस करण्यास विसरू नये, कारण ती राहिली तर उत्तर तुटक वाटते. डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला, तर अर्थातच खरे दुखणे सांगावे. ब्रिटनमध्ये नुसते 'ऑल राइट?' असेही विचारतात. आपण आजारी दिसतो की काय, अशी शंका नवख्या माणसाला त्यावरून येते, पण तेही केवळ अभिवादनच असते. 'हाउ डू यू डू?' हे पहिल्या भेटीतले जुन्या वळणाचे, औपचारिक अभिवादन असून त्याला उत्तर म्हणून तेच शब्द परत म्हणतात. आता ते क्वचितच ऐकू येते, त्यामुळे ते स्वतःहून वापरण्याची गरज नाही, ओळखता आले म्हणजे झाले.

पहिल्या भेटीत 'नाइस टू मीट यू' म्हणावे. त्याच व्यक्तीला पुन्हा भेटल्यावर 'मीट'च्या जागी 'सी' येते. स्वतःची ओळख करून देताना आपल्याकडे सर्रास 'मायसेल्फ' म्हणून पुढे नाव सांगतात. ही सवय प्रयत्नपूर्वक मोडावी, असे मला मनापासून वाटते, कारण 'आय अ‍ॅम' हे दोन सोपे आणि निर्दोष शब्द हाताशी आहेत. स्वतःच्या नावाआधी 'मिस्टर'ही लावू नये.

दुसऱ्याला मात्र 'मिस्टर' लावावे, आणि तेही आडनावाला: जॉन स्मिथ नावाचे गृहस्थ 'मिस्टर स्मिथ' होतात, 'मिस्टर जॉन' नव्हे. स्त्रियांसाठी 'मिझ' हे संबोधन सोयीचे आहे, कारण त्यात विवाहित-अविवाहित हा प्रश्नच येत नाही. समोरची व्यक्ती स्वतःहून पहिल्या नावाने हाक मारण्यास सांगेपर्यंत आडनावच वापरावे. तसे सांगितल्यावर मात्र संकोच न करता पहिले नाव घ्यावे.