शरीरातलं वेगळेपण कागदावर कसं ठेवायचं

नागपूरच्या धंतोलीत मी २२ वर्षं एक्स-रे आणि ईसीजी काढते आहे. मागच्या उन्हाळ्यात काटोलकडचे एक काकाजी छातीत जळजळते म्हणून आले. उजव्या हाताला लाल क्लिप, डाव्याला पिवळी, डाव्या पायाला हिरवी, उजव्याला काळी, असं सगळं रोजच्यासारखं लावलं. कागद बाहेर आला तर लीड वनमध्ये, म्हणजे दोन हातांमधल्या नोंदीत, सगळंच उलटं. छोटी लाट खाली, मधला मोठा काटा खाली, शेवटची लाटही खाली.

असं दिसलं की आम्ही आधी आपलीच चूक शोधतो, कारण हातांच्या क्लिपा अदलाबदल झाल्या तरी लीड वन अशीच दिसते. क्लिपा बरोबर होत्या. मग छातीवरच्या सहा लीड पाहिल्या. नुसत्या क्लिपा चुकल्या असत्या तर व्ही वनपासून, म्हणजे छातीवरच्या पहिल्या लीडपासून, पुढे काटा नेहमीसारखा उंच होत गेला असता. इथे तो डावीकडे जाता जाता बुटका होत होता. तेवढ्यात काकाजी सहज म्हणाले, "बाई, माह्यं काळीज उजव्या कडं हाय. लहानपणी मेडिकल कॉलेजमंधी सांगतलं व्हतं. कागद कुठी गेला, नाही ठाऊक."

छातीच्या लीड त्याच अंतराने उजव्या बाजूला लावल्या, हातांच्या क्लिपा मुद्दाम बदलल्या आणि दुसरा ईसीजी काढला. दोन्ही कागदांवर काय केलं ते पेनाने लिहिलं. पण रात्री त्यांना बेशुद्ध आणलं असतं तर? सोबतच्या पोराला हे माहीतच नव्हतं.

हृदयच काय, पोटातले अवयवही आरशातल्यासारखे उलटे असणं साधारण १०,००० माणसांत एकाला असतं. यकृत डावीकडे, प्लीहा उजवीकडे, अपेंडिक्स डावीकडे. अशी माणसं ठणठणीत जगतात. पण डाव्या ओटीपोटात दुखलं तर अपेंडिक्सची शंका कुणाला येत नाही, आणि त्यात वेळ जातो. म्हणून हे लिहून ठेवायचं. कसं, ते सांगते.

एका रविवारी घरातल्या सगळ्या फायली काढा. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, एक्स-रे, जुन्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं. रिपोर्टातली शेवटची ठळक ओळ तेवढी वाचून थांबू नका, आतला सगळा मजकूर वाचा. हे मी कळवळून सांगते, कारण माझ्यावर बेतलं आहे. २००३ साली पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली. रिपोर्टात खडा नाही, सूज नाही, सगळं ठीक. मधे कुठेतरी एक ओळ होती, 'डावी किडनी दिसली नाही'. मला ती कुणी सांगितली नाही आणि मीही वाचली नाही. शिशाचा एप्रन घालून दिवसभर उभं राहून कंबर धरायची, त्यासाठी पुढची ११ वर्षं मी मनाने दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. त्या गोळ्या किडनीवर ताण आणतात, आणि मला किडनी एकच आहे. २०१४ मध्ये पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी हे उघड झालं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, चांगलं निघालं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

वाचताना हे शब्द शोधा: व्हेरियंट (वेगळी ठेवण), ॲबरंट (भलत्या वाटेने जाणारं), एक्टोपिक (जागा सोडून असलेलं), एजेनेसिस (अवयव तयारच न होणं), हॉर्सशू (घोड्याच्या नालासारखं), बायकॉर्न्युएट (दोन शिंगांचं गर्भाशय), सर्व्हायकल रिब (मानेतली जादा बरगडी), सायटस इन्व्हर्सस (अवयव उलट बाजूंना). आणि 'नॉट व्हिज्युअलाइज्ड', म्हणजे दिसलं नाही. या शेवटच्या शब्दावर समाधान मानू नका. किडनी जागेवर दिसली नाही याचा अर्थ ती नाहीच असा होत नाही, ती खाली ओटीपोटातही असू शकते आणि कधी तिलाच गाठ समजलं जातं. मुळात नाही की दुसरीकडे आहे, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घ्या. मुलीला एकच किडनी असेल तर गर्भाशयाच्या रचनेचंही विचारा. गर्भात दोन्ही एकाच सुमारास घडतात, त्यामुळे फरक बऱ्याचदा जोडीने सापडतो.

शब्द सापडला की घाबरून नेटवर बसू नका. डॉक्टरांना नेमकं विचारा: याने आत्ता काही त्रास आहे का? कोणतं औषध टाळू? कोणत्या ऑपरेशनच्या आधी हे सांगायलाच हवं? तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा. उजव्या हाताची धमनी महाधमनीतून भलत्या जागी निघून अन्ननलिकेच्या मागून जात असेल, तर आवाजाच्या पेटीला, म्हणजे स्वरयंत्राला, जाणारी उजवी नसही नेहमीच्या वाटेने जात नाही. एरवी त्याचं काही नाही. पण उद्या थायरॉइडचं ऑपरेशन निघालं तर सर्जनला ही गोष्ट आधी कळली पाहिजे, नाहीतर आवाज जाऊ शकतो. घोड्याच्या नालासारखी जोडलेली किडनी साधारण ५०० जणांत एकाची असते. तिच्यात खडे लवकर होतात, आणि खडा काढायची वाटही वेगळी ठरते. गर्भाशय दुहेरी असेल तर तांबी बसवण्याआधी सांगाच. एका कप्प्यात तांबी आणि दुसऱ्यात गर्भ, असं होऊ शकतं.

सुईचंही ऐका. काहींची धमनी कोपराजवळ कातडीच्या अगदी खाली असते आणि ती शीर वाटते. सलाइन लावणाऱ्याने पट्टा बांधायच्या आधी बोटाने चाचपावं, कारण पट्टा आवळला की ठोकाही दबतो. तुम्हाला तिथे टिकटिक जाणवत असेल तर तोंड उघडून सांगा. धमनीत औषध गेलं तर हात गमवायची वेळ येते.

एक निरुपद्रवी फरक आत्ता बघा. अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट जरा आत वाकवा. मधोमध दोरीसारखं काही वर आलं तर तो पाल्मारिस लाँगस स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूच्या टोकाचा चिवट दोर. साधारण १०० पैकी १५ लोकांच्या हातात तो नसतो आणि पकडीत फरक पडत नाही. सर्जन मात्र दुसरीकडचा तुटलेला कंडरा जोडायला हाच काढून वापरतात. घरातल्या पोरांना दाखवा, त्यांना फार गंमत वाटते. माझ्या दोन्ही हातांना आहे, मुलाच्या डाव्याला नाही.

फक्त शोधण्यासाठी म्हणून सीटी वगैरे करू नका. विनाकारण रेडिएशन घेऊ नये, हे मी रोज लोकांना सांगते.

आता कार्ड. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. इंग्रजी शब्द रिपोर्टातूनच उतरवा, आपण भाषांतर करू नये. लॅमिनेट करून पाकिटात ठेवा, फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर पाठवा, मोबाइलच्या इमर्जन्सी माहितीत तेच भरा, ती लॉक न उघडता दिसते. मूळ रिपोर्ट फायलीत पहिला लावा. काकाजींच्या पोराने माझ्यासमोर बसून तसं कार्ड लिहून नेलं. एक्स-रे, ईसीजी, सोनोग्राफी, सुई, भूल, यांतलं काहीही करायच्या आधी कार्ड पुढे करायचं, विचारायची वाट बघायची नाही.

माझ्या कार्डावर एवढंच आहे:

'किडनी एकच, उजवी. डावी जन्मतः नाही. सोनोग्राफी २००३, सीटी २०१४. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सीटीचं औषध टोचण्याआधी क्रिएटिनिन बघा. पित्ताशय काढलं आहे. रक्तगट बी पॉझिटिव्ह.'