कुत्रा असलेल्या घरात वास का राहतो? या चुका टाळा

निरोगी कुत्र्याच्या अंगाला फारसा वास नसतो. वास असतो तो फरशीच्या सांध्यात मुरलेल्या शूला, दमट अंथरुणाला आणि त्यावर आपण ओतलेल्या फिनाइलला.

शू दिसली की फिनाइल. सगळ्यात जास्त घरांत होणारी चूक हीच. ताज्या लघवीला वास कमी असतो; त्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात तेव्हा नाक धरायची वेळ येते. टाइल वरून पुसली जाते, पण दोन टाइलांमधल्या सिमेंटने आणि स्कर्टिंगच्या फटीने शू आधीच ओढून घेतलेली असते. फिनाइलचा वास दोन तासांत उडतो, खालचा तसाच राहतो. आपल्याला तो येत नसला तरी कुत्र्याला येतो, म्हणून तो पुन्हा त्याच कोपऱ्यात पाय वर करतो. शिवाय काळं फिनाइल पंजांना लागून चाटण्यात गेलं तर विषारी ठरतं. ब्लीच तर नकोच: लघवीतल्या अमोनियाशी त्याचा संयोग झाला की घसा जाळणारा वायू सुटतो.

त्याऐवजी जुन्या सुती कपड्याने शू दाबून टिपा. घासू नका, घासलं की डाग पसरतो. मग साध्या पाण्याने पुसून एन्झाइम क्लीनर (शूतले वासाचे घटक मोडून टाकणारं द्रावण) टाका आणि जागा निदान 10-15 मिनिटं ओली राहू द्या. लगेच पुसलं तर एन्झाइमला काम करायला वेळच मिळत नाही. जुना डाग असेल तर वर ओलं फडकं झाकून ठेवा. एन्झाइम नसेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात चालतं, पण फक्त सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलवर. संगमरवर, कोटा, शहाबादी हे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्ल लागलं की त्यांची चकाकी जाते आणि ती परत आणायला पॉलिशवालाच बोलवावा लागतो.

डाग सापडत नसेल तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च जमिनीलगत फिरवा. वाळलेली शू फिकट पिवळसर चमकते. दाराची चौकट, सोफ्याचे पाय आणि पडद्याची खालची कड आधी बघा.

गादी वरवर पुसणं. फोममध्ये शू खाली जाताना पसरते, म्हणून आतला डाग वरच्यापेक्षा मोठा असतो. क्लीनर डागाच्या कडेबाहेर चार बोटं आणि तितकाच खोलवर जायला हवा. नंतर गादी उभी करून पंख्यासमोर ठेवा. पावसाळ्यात यात दोन दिवस जातात, घाई करून चादर घातली की बुरशी धरते.

वास आला की आंघोळ. दर आठवड्याला, त्यातही माणसांच्या शाम्पूने, घातलेली आंघोळ त्वचा कोरडी करते. मग खाज सुटते, कोंडा पडतो. साधारण तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरे. खरी चूक पुढे होते: वरचे केस वाळले की आपण टॉवेल ठेवून देतो. काख, बोटांमधली जागा आणि कानामागचा भाग दमट राहिला की तिथे यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, वाढतं आणि आंबूस वास येतो. ड्रायर लावायचा तर कमी उष्णतेवर. आंघोळीआधी केस विंचरून घ्या, ओले गुंते सुटत नाहीत.

अंथरूण थेट मशीनमध्ये टाकणं. आधी बाहेर झटका. केस ओले झाले की त्यांचा लगदा होतो आणि ड्रेन फिल्टर तुंबतो. कव्हर आठवड्याला एकदा, कापडाला चालत असेल तर 60 अंशांवर धुवा. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात आणि फटींत पडतात, त्यामुळे नुसत्या कुत्र्यावर औषध टाकून भागत नाही. सोफ्यावरच्या केसांना झाडूपेक्षा किंचित ओला रबरी हातमोजा बरा.

डांबरगोळ्या आणि टी ट्री तेल कुत्र्याच्या आवाक्यात ठेवू नका, दोन्ही त्याला विषारी आहेत.

एवढं करूनही शेपटीखालून माशासारखा उग्र वास येत असेल तर गुदाजवळच्या ग्रंथी भरलेल्या असू शकतात. कान आंबट वास मारत असतील आणि कुत्रा डोकं झटकत असेल, तर तिथे संसर्गाची शक्यता असते. दोन्हीसाठी पशुवैद्याकडे जा, आणि जाण्याआधी कानात तेल घालू नका.