‘धर्मानं राष्ट्रं जोडली की तोडली?’ हा प्रश्न पेपरात आला तर

बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या ओटीवर बी.ए.ची चार-सहा मुलं इतिहासाला येतात. हा प्रश्न घातला की निम्मी जणं ‘धर्म हा शब्द धृ धातूपासून’ असं सुरू करतात. कृपा करा, धातू सोडा. आधी नकाशा काढा.

पोलंड घ्या. १७७२, १७९३ आणि १७९५, तीन घासांत रशिया, प्रशिया (जर्मन राज्य) आणि ऑस्ट्रियानं तो संपवला. १९१८ पर्यंत नकाशावर स्वतंत्र पोलंड नाही. रशिया ऑर्थोडॉक्स, प्रशिया मुख्यतः प्रोटेस्टंट, पोल म्हणजे पोलंडची माणसं कॅथलिक; तिन्ही ख्रिस्ती पंथ, पण वेगवेगळे. राज्य गेलं, उरलं चर्च. हे नुसतं सांगू नका, दाखवा: १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातल्या व्झेश्निया गावात धर्मशिक्षण जर्मनमधून सुरू झालं, तेव्हा पोरांनी उत्तरं द्यायला नकार दिला आणि छड्या खाल्ल्या. ‘राष्ट्रभावना जागृत झाली’ या वाक्याला मी अर्धा मार्क देत नाही, छड्यांना देते.

मग तोडण्याची बाजू. सर्ब आणि क्रोएट एकमेकांचं बोलणं सहज समजतात, पण एक ऑर्थोडॉक्स, दुसरा कॅथलिक. बडोद्यात आपण घरात मराठी, भाजीवाल्याशी गुजराती, आणि गणपतीला दोघं एकाच मांडवात. तिकडे उलटं. युगोस्लाव्हिया फुटताना १९९१ च्या युद्धात शेजारी आपला की परका, हे आडनावावरून आणि चर्चवरून ठरलं. मात्र युद्ध धर्मानंच पेटवलं असं लिहू नका. सत्ता आणि जमीन होतीच.

आता खरी मेख. आपल्याच मुद्द्याला छेद देणारं एक उदाहरण शोधा. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, “काकू, ऑस्ट्रिया तर कॅथलिकच होता ना? मग त्यानं पोलंडचा तुकडा का घेतला?” झोपाळा थांबवून बसले मी. बरोबर होतं तिचं. ऑस्ट्रियाच्या वाट्याच्या भागात १८६० च्या दशकापासून शाळा-कचेऱ्यांत पोलिश रुळली, तिथे चर्चला भिंत व्हायची तेवढी गरजच पडली नाही. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धातही (१६१८-४८) असंच: कॅथलिक फ्रान्सचा कारभार चालवणारा रिशल्यू स्वतः कार्डिनल, म्हणजे कॅथलिक चर्चचा बडा धर्मगुरू, आणि १६३५ मध्ये उघडपणे उतरला तो प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूनं!

१९४७ आणि १९७१ लिहायचा मोह होईलच. लिहा, पण चार ओळी. ते सगळेच लिहितात. आणि नकाशाला पेन्सिल वापरा, पोलंडच्या सीमा दोनदा तरी खोडाव्या लागतात.