चाकरमान्याचं पोर भजनात कोपऱ्यात बसलं तर

गणपतीत मुंबईहून आलेलं पोर भिंतीला टेकून बसलं, तर ‘लाजतंय’ म्हणून सोडू नका. आधी हातात झांज द्या. ताल चुकू दे, पखवाजवाला सांभाळून घेतो. मग नाव घेऊन गजराला बोलवा.

२००३ साली आयझेनबर्गर, लीबरमन आणि विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळात लोकांना वगळून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला पुढचा सिंग्युलेट भाग तेव्हा जास्त सक्रिय दिसला. समोर नुसतं यंत्र आहे हे ठाऊक असूनही माणूस खट्टू होतो, हेही पुढे दिसलं. इथे तर चुलतभाऊच! मालवणी येत नाही म्हणून हसणाऱ्याला मी सरळ चहा वाटायला उठवतो.

पुढच्या घरी निघताना पेटी उचलायला त्या पोराला जोडीदार द्या.