विकिपीडियावरील चरित्रलेखात चूक आढळल्यास दुरुस्तीची विनंती कशी करावी

महाराष्ट्रातील जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय अंदाजाने धरले आणि प्रवेशाला सोयीची तारीख लिहून टाकली, हे त्याचे कारण घरोघरी ठाऊक आहे. अशांपैकी एखाद्या कलावंताचे पुढे नाव होते, शाळेच्या दाखल्यावरची तारीख पारपत्रावर जाते, तेथून पुरस्काराच्या अर्जात, अर्जातून वर्तमानपत्रात आणि अखेर विकिपीडियावर. घरच्यांना खरी तारीख माहीत असते, म्हणून कोणीतरी लेखात जाऊन ती बदलतो. तासाभरात तो बदल उलटवला जातो. पुन्हा बदल, पुन्हा उलटवणे, आणि असे तीन-चार वेळा झाले की खात्यावर बंदी येते. माझ्या परिचयातील एका ज्येष्ठ नाट्यकलावंताच्या कन्येने हा सारा प्रवास एका दिवसात केला. तिची माहिती शंभर टक्के खरी होती, पण ती पडताळून पाहण्याचे कोणतेही साधन तिने संपादकांच्या हाती दिले नव्हते.

विकिपीडियाच्या नियमांचा गाभा असा की, लेखातील मजकूर विश्वासार्ह आणि आधी प्रकाशित झालेल्या स्रोतावरून कोणालाही ताडून पाहता आला पाहिजे. ‘मी स्वतः सांगतो आहे’ हा त्यासाठी पुरेसा आधार ठरत नाही. अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथ यांना २०१२ साली याचाच अनुभव आला. आपल्या एका कादंबरीमागील प्रेरणेविषयी इंग्रजी विकिपीडियावर चुकीचे लिहिले आहे, असे त्यांनी कळवले, तेव्हा दुय्यम स्रोत, म्हणजे त्याविषयी इतर कोणी प्रकाशित केलेला आधार, हवा असे उत्तर मिळाले. शेवटी त्यांनी ‘द न्यूयॉर्कर’मध्ये अनावृत पत्र लिहिले. लेखकाला हे हास्यास्पद वाटणे स्वाभाविक होते, तरीही मला विकिपीडियाची बाजू पटते, कारण पडद्याआडून ‘मीच तो लेखक’ म्हणणारी व्यक्ती खरोखर तीच आहे, हे स्वयंसेवक संपादकाने ओळखावे तरी कसे?

म्हणून विनंती लिहायला बसण्यापूर्वी, ज्याला आपण चूक म्हणतो ती खरोखर चूक आहे का, हे तपासावे. १९५० साली कणकवलीत जन्मलेल्या व्यक्तीचा जिल्हा एका ठिकाणी रत्नागिरी आणि दुसऱ्या ठिकाणी सिंधुदुर्ग असा सापडेल, आणि दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतील, कारण सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. अशा वेळी ‘तत्कालीन रत्नागिरी जिल्हा, आता सिंधुदुर्ग’ अशी शब्दरचना सुचवली की वाद उरत नाही. नावापुढे ‘पद्मश्री’ जोडण्याची मागणीही अशीच व्यर्थ जाते. पद्म पुरस्कार हे नावाला जोडण्याचे किताब नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले आहे, आणि विकिपीडियाही व्यक्तीचा उल्लेख आदरार्थी उपाधीविना करतो. पुरस्काराचा उल्लेख मजकुरात वर्षासह येतो, तेवढे पुरे.

चूक खरी असेल, तर लेखाच्या माथ्यावरील ‘इतिहास पहा’ या दुव्यावर जाऊन ती केव्हा आणि कोणत्या संदर्भासह शिरली, ते शोधावे. हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. पुष्कळदा असे दिसते की, चुकीची तारीख कोणा अनामिकाने संदर्भाविना घातली, काही महिन्यांनी एका वृत्तपत्राने ती विकिपीडियावरून उचलली, आणि नंतर तेच कात्रण लेखात संदर्भ म्हणून लागले. हे वर्तुळ तारखांनिशी दाखवता आले, तर तो संदर्भ बाद करून घेणे सोपे जाते.

आता पुराव्याकडे वळू. जन्मदाखला, आधार कार्ड किंवा न्यायालयीन कागद यांची छायाचित्रे पाठवू नयेत. हयात व्यक्तींच्या खासगी तपशिलांसाठी असे कागद इंग्रजी विकिपीडियावर संदर्भ म्हणून चालत नाहीत, आणि चर्चा पानावर, म्हणजे प्रत्येक लेखाला जोडलेल्या, संपादकांनी आपसांत बोलण्याच्या पानावर, टाकलेला कागद साऱ्या जगाला दिसतो, हा धोका वेगळाच. उपयोगी पडतात ते वृत्तपत्रातील मुलाखती व लेख, मासिके, दिवाळी अंक, नामांकित प्रकाशनाची पुस्तके, मराठी विश्वकोशासारखे कोश. मजकूर इंटरनेटवर असलाच पाहिजे, असे बंधन नाही. वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पृष्ठक्रमांक, लेखाचे शीर्षक आणि लेखकाचे नाव दिले, तर ग्रंथालयात जाऊन पाहता येईल असा छापील अंकही मान्य होतो. इंग्रजी लेखासाठी मराठी संदर्भही ग्राह्य असतो. फक्त मूळ वाक्य आणि त्याचा इंग्रजी अनुवाद सोबत द्यावा, म्हणजे मराठी न येणाऱ्या संपादकाला निर्णय घेता येईल.

प्रकाशित स्रोतच नसेल, तर तो आधी निर्माण व्हावा लागतो. कॅनडियन कादंबरीकार एमिली सेंट जॉन मँडेल यांनी डिसेंबर २०२२ मध्ये हा मार्ग चोखाळला. त्यांचा घटस्फोट होऊनही विकिपीडियावर त्या विवाहित दिसत होत्या; त्यांनी समाजमाध्यमावर पत्रकारांना आवाहन केले, ‘स्लेट’ या ऑनलाइन नियतकालिकाने त्यांची मुलाखत घेतली, आणि लेख दुरुस्त झाला. जन्मतारखेसारख्या साध्या, स्वतःची बढाई नसलेल्या माहितीसाठी त्या व्यक्तीच्या अधिकृत संकेतस्थळावरील निवेदनही चालू शकते, मात्र त्याच्या सत्यतेविषयी रास्त शंका नसावी. आमच्या नाट्यकलावंतांच्या कन्येला मी हेच सुचवले. वडिलांच्या पुढच्या मुलाखतीत १ जूनची हकीकत त्यांनाच सांगू दे, छापून येऊ दे, मग विनंती कर.

विनंती स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या लेखात थेट बदल करून न करता लेखाच्या चर्चा पानावर नव्या विषयाखाली लिहावी. पहिल्याच ओळीत आपले नाते सांगावे: मी यांची मुलगी आहे, सचिव आहे, यांच्या कार्यालयात पगारी आहे. मोबदला घेऊन काम करणाऱ्याने मालक व ग्राहक जाहीर करणे हे तर वापराच्या अटींनुसार बंधनकारकच आहे. त्यानंतरचा मजकूर असा असावा:

‘प्रारंभिक जीवन या विभागातील पहिल्या वाक्यात जन्मतारीख १ जून दिली आहे. तेथे अमुक तारीख घालावी. कारण: शाळेतील नोंद अंदाजाने झाली होती, असे त्यांनी मुलाखतीत सांगितले आहे. संदर्भ: वृत्तपत्र, आवृत्ती, तारीख, पृष्ठ. संबंधित वाक्य पुढे उद्धृत करत आहे.’

आत्ता काय लिहिले आहे, त्याजागी काय हवे, का हवे आणि कशाच्या आधारे, एवढ्या चार गोष्टी संपादकाला एका नजरेत दिसल्या पाहिजेत. ‘संपूर्ण लेख चुकीचा आहे, तो आमच्या सोबतच्या परिचयपत्रानुसार बदलावा’ अशा विनंत्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी एकही मान्य झालेली मला आठवत नाही. पाच चुका असतील, तर पाच वेगवेगळे मुद्दे करावेत आणि ज्यावर दुमत होण्याची शक्यता कमी तो आधी मांडावा. इंग्रजी विकिपीडियावर हितसंबंध असलेल्यांच्या विनंत्यांसाठी वेगळा साचा आहे. ‘एडिट रिक्वेस्ट विझार्ड’ हे साधन वापरल्यास तो आपोआप लागतो आणि विनंती रांगेत जाते. रांग लांब असते, उत्तराला कित्येक आठवडे लागू शकतात. मराठी विकिपीडियावर सक्रिय संपादक थोडे असल्यामुळे चर्चा पानावर कोणी फिरकले नाही, तर ‘चावडी’ या सर्वसाधारण चर्चेच्या पानावर दोन ओळींत आठवण करून द्यावी.

बदनामीकारक मजकुराची गोष्ट निराळी आहे. अमेरिकन पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांचा केनेडी बंधूंच्या हत्यांशी संबंध जोडणारा खोटा मजकूर २००५ साली त्यांच्या लेखात सुमारे चार महिने राहिला. त्या प्रकरणानंतर हयात व्यक्तींविषयीचे नियम कडक झाले. संदर्भाविना घातलेला वादग्रस्त मजकूर चर्चेची वाट न पाहता काढावा, असा आता दंडक आहे, आणि उघड उत्पात (मुद्दाम केलेली खोडसाळ नासधूस) किंवा असा मजकूर काढण्याची मुभा स्वतः त्या व्यक्तीलाही आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात झेल सुटल्यावर क्रिकेटपटू अर्शदीप सिंग यांच्या लेखात खोडसाळ बदल झाले, ते संपादकांनी लवकरच परतवले. ज्या लेखाकडे फारसे कोणी पाहत नाही, तेथे मात्र ही दक्षता गृहीत धरू नये. घरचा पत्ता, दूरध्वनी क्रमांक असे काही उघड झाले असेल, तर चर्चा पानावर त्याचा उल्लेखही करू नये. ‘संपर्क’ पानावरून स्वयंसेवकांच्या प्रतिसाद गटाला खासगी ईमेल करावा, म्हणजे तो मजकूर लेखाच्या इतिहासातूनही दडवता येतो.

रागाच्या भरात चर्चा पानावर ‘कोर्टात खेचीन’ असे लिहू नये. न्यायालयाचा मार्ग प्रत्येकाला खुला आहे, पण तशी धमकी विकिपीडियावरच दिल्यास ती मागे घेईपर्यंत खाते गोठवले जाते आणि मूळ चूक तशीच राहते. ‘पैसे द्या, पान दुरुस्त करून देतो, सांभाळतो’ असे सांगणाऱ्यांपासून तर चार हात दूर राहावे. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियाने अशाच एका टोळीची ३८१ बनावट खाती बंद केली. ही मंडळी लेखाचे ‘संरक्षण’ करण्यासाठी लोकांकडून पैसे मागत होती.

विनंती फेटाळली गेली, तर कारण नीट वाचावे. बहुतेकदा संदर्भ अपुरा असतो, तेव्हा दुसरा शोधून त्याच चर्चेत पुढे लिहावे. नव्या नावाने खाते काढून तीच मागणी पुन्हा करू नये. दोन विश्वासार्ह स्रोतांत दोन तारखा असतील, तर दोन्ही संदर्भांसह नोंदवाव्यात किंवा तारीख वगळून फक्त वर्ष ठेवावे, ही तडजोड सहसा मान्य होते.

दुरुस्ती झाल्यावर आणखी तीन ठिकाणी डोकावावे लागते. मराठी, हिंदी आणि इंग्रजी विकिपीडिया स्वतंत्र आहेत, एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप होत नाही. काही माहितीचौकटी (लेखाच्या बाजूला दिसणारे ठळक तपशिलांचे तक्ते) विकिडेटा या विकिपीडियाच्या सहप्रकल्पातील माहितीसाठ्यावरून तारीख घेतात, तेव्हा तेथील नोंदही संदर्भासह बदलावी लागते. गुगलच्या शोधात उजवीकडे दिसणारी चौकट गुगलची असते. तिच्याखालील अभिप्रायाच्या दुव्यावरून वेगळे कळवावे लागते. नाट्यकलावंतांच्या लेखातील तारीख मुलाखत छापून आल्यावर महिन्याभरात बदलली. गुगलच्या चौकटीत मात्र १ जून त्यानंतरही बराच काळ मुक्कामाला होता, आणि त्या दिवशी त्यांना शुभेच्छांचे फोन येत राहिले.